गोळी कोणती, हे कुणीच विचारत नाही

बीजीएमआय खेळणाऱ्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा. एकेएमला ७.६२, एम४१६ला ५.५६, एडब्ल्यूएमला मॅग्नम. हे आकडे त्याला स्वतःच्या परीक्षेच्या सीट नंबरपेक्षा पक्के पाठ असतात. पण त्यालाच विचारा, की ७.६२ची गोळी टोकाला मऊ असते की टणक? आत शिसं असतं की तांबं? लागल्यावर ती उमलते की आरपार जाते? तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. त्याचा दोष नाही. गेममध्ये गोळीला टोकच नसतं. तिथे जाडी असते आणि डॅमेज असतं.

माझी तक्रार अशी आहे, की आपलं सरकारही हाच गेम खेळतंय. रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, पिकांची नासाडी करतात म्हणून त्यांना गोळी घालायची परवानगी कायद्यात आहे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्यासाठी शासन निर्णयही काढला. कोण मारणार, कुठे मारणार, मेलेलं जनावर कुणाच्या मालकीचं, यावर कायदा बोलतो. कोणत्या गोळीने आणि किती अंतरावरून, यावर कायद्यातलं ते कलम गप्प आहे. आणि जनावर पाच सेकंदांत मरणार की तीन दिवसांनी, हे ठरतं ते फक्त याच दोन गोष्टींवर.

आधी एक गोष्ट साफ करतो, नाहीतर कमेंटमध्ये तेवढंच होईल. चितळ, सांबर, भेकर, कुठल्याही हरणाची शिकार भारतात गुन्हा आहे, आणि ती गुन्हाच राहावी असं माझं मत आहे. बदलापूरच्या पुढे बारवीच्या जंगलात भेकर आहे, ते भुंकतंय ते तसंच भुंकत राहू दे. हा लेख शिकारीचं गाइड नाही. पण राज्य स्वतःच्या सहीने जेव्हा एखादं मोठं जनावर मारायला सांगतं, तेव्हा हरणाच्या शिकारीत जगाने दीडशे वर्षांत जे शिकून घेतलंय ते सगळं इथे लागू होतं. रोही दिसायला घोड्यासारखी, नावात गाय, कुळाने कुरंग. नर अडीचशे किलोच्या आसपास जातो. त्याच्या फुप्फुसाला जे लागतं ते लागतंच, तुमचा शासन निर्णय काहीही म्हणो.

आता थोडं गणित. मी इंजिनियर आहे, तेवढी सूट द्या.

काडतूस वेगळं, गोळी वेगळी. काडतूस म्हणजे पितळेची केस, तळाला ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि वर बसवलेली गोळी. नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. बंदुकीतून सुटल्याक्षणी ती खाली पडायला लागते, हातातून सोडलेल्या दगडाच्याच वेगाने. सेकंदाला ८०० मीटर वेगाची गोळी २०० मीटर जायला पाव सेकंद घेते आणि तेवढ्यात ३१ सेंटिमीटर खाली येते. ६०० मीटर वेगाची गोळी तेवढ्याच अंतरात ५४ सेंटिमीटर खाली येते. यात मी हवेचा विरोध धरलेलाच नाही. तो धरला की दोन्ही आकडे वाढतात, आणि बोथट गोळीचे जास्त वाढतात. चितळाएवढ्या जनावराचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जी जागा होते, ती साधारण जेवणाच्या ताटाएवढी. भेकराची बशीएवढी. अंतराचा अंदाज पन्नास मीटरने चुकला की गोळी ताटातून पोटात जाते. पोटात गोळी लागलेलं जनावर पळतं, कुठेतरी झुडपात बसतं आणि तासन् तास, कधी दिवसेंदिवस मरत राहतं.

पण हा अर्धाच प्रश्न झाला. गोळी योग्य जागी लागली तरी तिने आत गेल्यावर काहीतरी करायला हवं. शिकारीची गोळी टोकाला मऊ असते. शिशाचा गाभा, वर तांब्याचं पातळ आवरण, टोकाशी ते उघडं. मांसात शिरल्यावर ती अळंबीसारखी उमलते, रुंद होते, आणि आपली ऊर्जा आतच सोडते. उमलायला तिला वेग लागतो. आणि इथेच खरी गोम आहे. तीस मीटरवर गोळी इतक्या वेगात असते, की मऊ गोळी खांद्याच्या हाडावर फुटून तुकडे तुकडे होते, आत पोचतच नाही. तीनशे मीटरवर तिचा वेग इतका उतरलेला असतो, की टणक गोळी उमलतच नाही, पेन्सिलीएवढं भोक पाडून पलीकडे जाते. म्हणजे जवळ न फुटणारी आणि लांब न मिटणारी अशी एकच गोळी हवी. सॉफ्टवेअरच्या भाषेत, सगळ्या इनपुट रेंजवर चालणारं एकच फंक्शन. असं फंक्शन लिहिणं किती अवघड असतं, हे ज्यांनी लिहिलंय त्यांना सांगायला नको.

१९४६ मध्ये जॉन नॉस्लर नावाच्या अमेरिकन माणसाच्या गोळ्या कॅनडात एका मूसवर अशाच फुकट गेल्या. मूस म्हणजे सांबराचा राक्षसी भाऊ. त्याच्या अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर होता आणि गोळ्या आत जाण्याआधीच फुटत होत्या. नॉस्लर घरी आला आणि त्याने गोळीच्या मधोमध तांब्याच्या मिश्रधातूचा पडदा ठेवला. पुढचा अर्धा भाग उमलेल, मागचा अर्धा शाबूत राहून आत घुसेल. पार्टिशन नावाची ती गोळी १९४८ पासून विकली जाते, आजही. मला ही गोष्ट आवडते कारण त्यात मर्दुमकीचा लवलेश नाही. एका माणसाने बग पाहिला आणि फिक्स केला. आणि चिखलात लोळून अंगावर चिलखत चढवणारं जनावर म्हटल्यावर तुम्हाला मूस आठवत नसेल, पण मुरबाडच्या कुठल्याही शेतकऱ्याला कोण आठवेल ते वेगळं सांगायला नको.

यातली सगळ्यात विचित्र गोष्ट आपल्याच देशात घडलेली आहे. कोलकात्याजवळ डमडमला इंग्रजांचा दारूगोळ्याचा कारखाना होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे टोक उघडं असलेली गोळी तयार झाली, माणसांवर वापरायला. तिने होणाऱ्या जखमा इतक्या भयानक होत्या, की १८९९ च्या हेगच्या परिषदेत उमलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायला मनाई झाली. तेव्हापासून सैन्याची गोळी पूर्ण आवरणाची असते, उमलत नाही. युद्धात हेतू समोरच्याला लढण्यातून बाद करण्याचा, त्यामुळे तिथे न उमलणारी गोळी माणुसकीची. जनावराच्या बाबतीत हेतू त्याला तत्काळ मारण्याचा, त्यामुळे तिथे तीच गोळी क्रूर. इंग्लंड आणि वेल्समध्ये हरणावर झाडायची गोळी मऊ टोकाची किंवा पोकळ टोकाचीच हवी, असा कायदा आहे. एका ठिकाणी जी वापरणं गुन्हा, दुसऱ्या ठिकाणी ती न वापरणं गुन्हा.

म्हणून कुणी 'पोलिसांना पाठवा, एका दिवसात साफ करतील' असं म्हणालं, की माझं डोकं फिरतं. पोलिसांच्या रायफलीत माणसासाठी बनवलेली गोळी असते. ती रोहीच्या बरगड्यांमधून जाते, पलीकडच्या बांधावर आदळते किंवा आणखी पुढे कुणाच्या तरी गोठ्यापर्यंत जाते. रोही मात्र पळत सुटते.

जर्मनीत कायदाच सांगतो, की छोट्या रो हरणासाठी गोळीत १०० मीटरवर किमान १००० जूल ऊर्जा उरलेली हवी, आणि मोठ्या खुरांच्या जनावरांसाठी किमान ६.५ मिलिमीटरची जाडी आणि १०० मीटरवर २००० जूल. बघा, आकडा नळीच्या तोंडाशी मोजलेला नाही, जनावर जिथे उभं असेल असं गृहीत धरलंय तिथे मोजलेला आहे. ज्याने हे लिहिलं त्याला प्रश्न कळला होता. नॉर्वेत मोठ्या जनावराच्या शिकारीआधी दर वर्षी परीक्षा द्यावी लागते. आधी सरावाच्या तीस गोळ्या, मग १०० मीटरवर पाच गोळ्या, पाचही ठरलेल्या वर्तुळात. एक बाहेर गेली की नापास.

'तिकडचं तिकडे, आपल्याकडे कुठे असलं' म्हणायची घाई करू नका. आपल्याकडेही होतं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मुळात आला, तेव्हा परवाना घेऊन काही शिकार चालू होती, आणि त्या कायद्यात शिकारीवरच्या बंधनांचं एक कलम होतं, १७ वं. मोठ्या शिकारीच्या यादीतलं जनावर रायफलीनेच मारायचं. शॉटगन वापरायचीच असेल तर परवान्यात तसं खास लिहून घ्यायचं आणि एकच सलग गोळी वापरायची, छरे नाहीत. गाडीतून नाही, रात्री नाही, प्रकाशझोत टाकून नाही. १९९१ च्या दुरुस्तीत शिकारीचे परवाने संपले, तेव्हा हे कलमही गेलं. तर्क सरळ होता. शिकारच नाही तर शिकारीचे नियम कशाला? पण पिकांची नासाडी करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी देणारं ११ वं कलम राहिलं. म्हणजे मारणं राहिलं, आणि कसं मारायचं ते गेलं. आमच्या धंद्यात याला म्हणतात, फीचर काढताना त्याच्यासोबत व्हॅलिडेशनही उडवलं, आणि तेच व्हॅलिडेशन दुसरं एक फीचर वापरत होतं हे कुणी बघितलं नाही.

आता शस्त्र कायदा बघा. १९५९ चा. त्यात पीक संरक्षणासाठी परवाना आहे, आणि तो कशासाठी? ठासणीच्या बंदुकीसाठी. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, ती. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला वाटलं की ठासणी पुरणार नाही, तर दुसरी कुठली तरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोर. रायफलच्या नळीला आतून पिळाचे आटे असतात, त्यामुळे गोळी भिंगरीसारखी फिरत सरळ जाते. गुळगुळीत नळीला ते नसतात. म्हणजे अडीचशे किलोच्या जनावरासाठी शेतकऱ्याच्या हातात कायद्यानेच असं हत्यार दिलंय, जे पन्नास मीटरच्या पुढे कुठे मारेल याची कुणी खात्री देऊ शकत नाही. छऱ्यांचं काडतूस असेल तर आणखी वाईट. अंतर वाढतं तसे छरे पसरतात आणि मंदावतात. चाळीस-पन्नास मीटरवरच्या डुकराला दोन-तीन छरे लागतात, कातडीखाली अडकतात, जखम चिघळते.

माझा मामा मुरबाडकडे भात लावतो, दिवाळीच्या आधी रात्र रात्र शेतावर झोपतो. त्याला मी एकदा विचारलं, "मामा, इथे कुणी बार काढतं तेव्हा डुक्कर पडतं का रे?" तो म्हणाला, "पडायला कशाला पाहिजे? आवाजानं पळतंय ना. लागलं तर लागलं." मामा क्रूर माणूस नाही. त्याच्या हिशेबात बंदूक म्हणजे महागडा सुतळी बॉम्ब आहे. प्रश्न असा आहे, की त्या 'लागलं तर लागलं'चं पुढे काय होतं? ते डुक्कर कुठल्या तरी ओढ्याकाठी, जाळीत पडून राहतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे सरपण गोळा करायला कातकरी बाया जातात. जखमी डुकरासारखं वाईट जनावर नाही, हे त्यांना विचारा.

जखमी जनावराचा हिशेब माणसांनी चुकता करावा लागतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण चंपावतच्या वाघिणीचं. १९०७ मध्ये जिम कॉर्बेटने तिला मारलं तोवर तिच्या नावावर ४३६ माणसं होती. मेल्यावर तिच्या तोंडात पाहिलं तर उजवीकडचे वरचा-खालचा दोन्ही सुळे तुटलेले, जुन्या बंदुकीच्या जखमेने. नैसर्गिक शिकार तिला करता येत नव्हती. कुणीतरी, कधीतरी, 'लागलं तर लागलं' म्हणून चाप ओढला होता. चारशे छत्तीस.

आणि ज्याला काय दिसतंय हेच माहीत नाही त्याच्या हातातली बंदूक? २०२५ च्या जानेवारीत, पालघर जिल्ह्यात मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात गावकऱ्यांचा एक गट रानडुकराच्या शिकारीला गेला. डुक्कर समजून गोळी आपल्याच माणसाला घातली. घाबरून मृतदेह लपवला. अर्थात ही शिकार बेकायदा होती, परवानगीचा प्रश्नच नव्हता. पण मला सांगा, परवानगीचा कागद खिशात असता तर त्या अंधारात काय बदललं असतं? कागदाने नेम सुधारत नाही.

दोन प्रकारच्या लोकांशी मला भांडायचंय.

पहिले, आमच्या ऑफिसातले, ठाण्या-मुंबईतले प्राणिप्रेमी. गोळीचं नाव काढलं की यांना मळमळतं. 'कुठली गोळी चांगली असं तू बोलूच कसा शकतोस?' असं म्हणतात आणि लंच ब्रेकमध्ये चिकन मागवतात. मारूच नका, ही भूमिका मला समजते, मी तिचा आदर करतो. पण मग ती पूर्ण घ्या. कुंपणाचे पैसे मागा, नुकसानभरपाई वेळेत मिळावी म्हणून मंत्रालयासमोर बसा, मामाच्या शेतावर ऑक्टोबरात आठ रात्री झोपून बघा. मारणं चालूच राहणार आहे आणि ते कसं होतंय याकडे आपण बघायचं नाही, ही करुणा म्हणायची की सोय? इंग्लंडात हरणांवर दया म्हणून जो कायदा झाला, त्यात गोळीची जाडी आणि ऊर्जा लिहिलेली आहे. दया मोजता येते तिथे मोजायलाच हवी.

दुसरे, 'शेतकऱ्याच्या हातात बंदूक द्या' म्हणणारे. निवडणुकीच्या सभेत हे वाक्य टाळ्या घेतं. शेतकऱ्यावर कर्ज आहे, खताचा खर्च आहे, भाव नाही, आणि आता राज्याने करायचं कामही त्याच्याच डोक्यावर: जा बाबा, रात्री जाग, अंधारात नेम धर, चुकलं तर तुझ्यावर केस. हा शेतकऱ्याचा सन्मान नाही. रस्त्यावर खड्डा पडला तर आपण नागरिकाच्या हातात घमेलं देत नाही. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचे अधिकार थेट पंचायतीच्या पातळीवर दिले. निर्णय जवळ आला हे चांगलंच. पण निर्णय कुणाचाही असो, शेवटी चाप ओढणाऱ्याच्या हातात काय आहे आणि त्याला ते चालवता येतं का, हा प्रश्न तिथेही उरतोच.

यूट्यूबवर अमेरिकन शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघणाऱ्या पोरांबद्दल एवढंच: आठशे यार्डांवरून हरिण पाडल्याचे रील येतात, त्यात पडलेलं हरिण दिसतं. न पडलेल्यांचं रील कुणी टाकत नाही. तिथलेच जुने शिकारी म्हणतात, की लांबून मारता येणं ही फुशारकी आहे, जवळ जाता येणं हे कसब आहे. मला शिकारीत रस नाही, तरी हे वाक्य पटतं. अंतर कमी केलं की गोळी निवडण्याचा अर्धा प्रश्न आपोआप सुटतो.

मी अंबरनाथचा आहे. आमच्याकडे 'ऑर्डनन्स' म्हटलं की पुढचं काही बोलावं लागत नाही. पितळ आणि इतर अलोह धातूंचं काम तिथे वर्षानुवर्षं चालतं. २०२१ पासून ती यंत्र इंडिया या सरकारी कंपनीत आहे. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या काकांनी तिथे नोकरी केली. मायक्रॉन म्हणजे काय हे मला कॉलेजच्या आधी त्यांच्या तोंडून कळलं. आवरणाची जाडी केसाएवढी इकडेतिकडे झाली तर अख्खी बॅच बाद, असं ते सांगायचे. ज्या देशात खडकी, वरणगाव आणि अंबरनाथसारखी गावं पिढ्यान् पिढ्या या धातूवर जगली, तिथे जनावराला घालायच्या गोळीचं साधं एक पानी मानक लिहायला माणसं मिळत नाहीत, हे मला कुणी सांगू नये. माणसं आहेत. विचारलेलं नाही.

तर मागणी काय? वन विभागाने आधी कुंपण, राखण, भरपाई हे सगळं करावं, आणि तरीही मारायची वेळ आलीच तर ते स्वतःच्या प्रशिक्षित माणसाकडून करावं. त्याच्या हातात आट्याच्या नळीची रायफल आणि मऊ टोकाची गोळी असावी. परवानगीच्या कागदावर जनावराच्या नावापुढे तीन रकाने वाढवावेत: गोळी कोणती, जास्तीत जास्त अंतर किती, आणि पलीकडे काय आहे. पलीकडे म्हणजे गोळी आरपार गेली तर ती अडवायला मातीचा उतार आहे की वस्ती. जखमी होऊन पळालेलं जनावर शोधून काढेपर्यंत काम संपलं असं धरू नये, आणि किती झाडल्या, किती पडली, किती पळाली याची नोंद उघड असावी. पडलेल्यांचा आकडा कुठेतरी सापडेलही. पळालेल्यांचा लिहिण्याची तरतूद करा.

'परीक्षा कोण घेणार?' हा प्रश्न मला हमखास विचारला जाईल. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्याआधी शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण सांगितलेलंच आहे. म्हणजे माणसाला वर्गात बसवण्याची सोय कागदावर तयार आहे. वरळीला रायफल असोसिएशनची रेंज आहे, पोलिसांच्या रेंज आहेत. तिथे पुठ्ठ्याचं डुक्कर उभं करा, खांद्यामागे ताटाएवढं वर्तुळ काढा. नॉर्वेएवढे १०० मीटर नकोत, ५० ठेवा. पाच गोळ्या द्या. चार आत आणि एक पोटात गेली, तर त्या माणसाला चहा पाजून घरी पाठवा आणि पुढच्या वर्षी परत बोलवा.